मिनिटाला सहा श्वास

मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याखाली, दोन बोटं टेकवा. नाडी सापडली की पाच सेकंद सावकाश श्वास घ्या आणि पाच सेकंद सावकाश सोडा. तीन-चार आवर्तनं झाली की बोटांना फरक कळू लागतो. श्वास आत येताना नाडी किंचित जलद होते, बाहेर जाताना मंदावते. यात घाबरण्यासारखं काही नाही. तरुण, निरोगी माणसात हा चढउतार ठळक असतो. वयाबरोबर तो कमी होत जातो आणि जुन्या मधुमेहाने मज्जातंतूंना इजा झाली असेल तर जवळजवळ नाहीसा होतो. योगाच्या फायद्यांच्या लांबलचक याद्या आपण वाचतोच. मला मात्र आधी ही नाडी दाखवावीशी वाटते, कारण योग शरीरात काय करतो ते इथे स्वतःच्या बोटांनी पडताळता येतं.

हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. आपण स्वस्थ बसलेले असताना ते ७०च्या आसपास राहतं ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे. मेंदूच्या तळापासून निघालेला हा तंतू मानेतून छातीत आणि पुढे पोटापर्यंत उतरतो. श्वास सोडताना हृदयावरचा त्याचा प्रभाव वाढतो, घेताना घटतो. प्राणायाम शिकवताना रेचक, म्हणजे श्वास सोडणं, पूरकापेक्षा, म्हणजे श्वास घेण्यापेक्षा, लांब ठेवायला सांगतात, त्याला शरीरशास्त्राचा हा आधार आहे.

रक्तदाबाची गोष्ट याहून रंजक आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतो, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? आपल्या मानेतल्या मोठ्या धमन्यांमध्ये आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत असेच पातळी सांगणारे संवेदक बसलेले आहेत. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते, संवेदक मेंदूला कळवतात, आणि मेंदू ठोके कमी करून रक्तवाहिन्या सैल सोडतो. दाब उतरला की याच्या उलट. या निरोपांना पोचायला वेळ लागतो, त्यामुळे रक्तदाबात साधारण दर दहा सेकंदांनी एक बारीक लाट उठत असते. आता हिशेब करा. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहावर आणले तर दर दहा सेकंदांना एक श्वास होतो. दोन्ही लयी जुळतात, नाडीचा चढउतार सर्वांत मोठा होतो आणि दाब सांभाळणारी ही यंत्रणा बदलांना अधिक चटकन प्रतिसाद देऊ लागते.

इटलीतले लुचियानो बर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक सुंदर प्रयोग मांडला. त्यांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त संवेदनशील झाली. हे वाचल्यापासून पंचवटीत संथ लयीत जप करत बसलेल्या आजी दिसल्या की माझं लक्ष त्यांच्या श्वासाकडे जातं.

भ्रामरीची, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्याच्या प्राणायामाचीही अशीच मोजणी झाली आहे. गुणगुणताना नाकालगतच्या सायनसच्या पोकळ्यांतली हवा थरथरते आणि तिथे तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड नाकात येतो. स्वीडनमधल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ साली दाखवलं, की साध्या उच्छ्वासाच्या तुलनेत गुणगुणताना नाकातलं त्याचं प्रमाण सुमारे १५ पट होतं. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या याच रेणूवरच्या संशोधनाला १९९८चं नोबेल मिळालं होतं. भ्रामरीने सायनसचा आजार बरा होतो, एवढी उडी मात्र यावरून मारू नये.

योग मोजून पाहायची परंपरा आपल्याच मातीतली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि क्ष-किरण व दाबमापक यंत्रं लावून नौली-उड्डियान या पोट आत खेचून त्याचे स्नायू फिरवण्याच्या क्रियांचा अभ्यास केला. नाशिकमध्ये विश्वास मंडलिकांच्या योग विद्या धामने हे शिक्षण घरोघरी नेलं. असा वारसा असलेल्या शहराने योगाबद्दल नेमकं बोलावं, असं मला मनापासून वाटतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातल्या २४ केंद्रांत ‘योग-केअर’ चाचणी झाली. २०२० साली निष्कर्ष आले. योग करणाऱ्या गटात मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात यांचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही, पण त्या रुग्णांना प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते रोजच्या कामांकडे अधिक चांगले परतले. झटक्यानंतर जिना चढायलाही धास्तावणाऱ्या माणसाला विचारा, याची किंमत तो सांगेल. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.

काचबिंदू असेल तर शीर्षासन नको; त्या स्थितीत डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर जोरकस कपालभाती टाळा.

सर्वांत भरवशाचा पुरावा पाठदुखीचा आहे आणि आपल्या जिल्ह्याला तोच सर्वाधिक लागू पडतो. २०१७ साली अमेरिकेत ३२० जणांवर झालेल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीवर १२ आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी ठरला नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत थिनिंग (घडातले जास्तीचे मणी काढणं) आणि डिपिंगच्या (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) दिवसांत बायका मांडवाखाली हात वर आणि मान मागे टाकून दिवसभर उभ्या असतात. संध्याकाळी खांदे भरून येतात, कंबर धरते. गंगापूर रोडवर पहाटेचे वर्ग भरतात तेव्हा या बायका पिकअपमध्ये बसून बागेकडे निघालेल्या असतात. वर्ग त्यांच्यापर्यंत न्यायला हवा. मान पुढे झुकवणं, खांदे गोल फिरवणं, भिंतीला किंवा खांबाला हात टेकून कंबरेतून वाकणं, आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश श्वास, एवढं जेवणाच्या सुट्टीत मांडवाखालीच होतं. चटई लागत नाही, वेगळे कपडे लागत नाहीत. बागायतदाराने ही पंधरा मिनिटं मजुरीच्या वेळेत धरायची आणि तालुक्याच्या एखाद्या योगशिक्षकाने हंगामाच्या सुरुवातीला दोन-तीन दिवस येऊन ते नीट शिकवायचं. ऑक्टोबर छाटणीनंतर थिनिंग सुरू व्हायच्या आत हे ठरवता येईल.