व्हिडिओ फुकट ठेवायचा की पैसे भरून? या निवडीमागची वीस वर्षं

रिअलव्हिडिओ हे तंत्र १९९७ साली आलं आणि वेबवर व्हिडिओ दाखवणं शक्य झालं, पण ते परवडणारं नव्हतं. खरा खर्च फाइल ठेवायच्या जागेचा नव्हता, बँडविड्थचा, म्हणजे प्रेक्षकांपर्यंत पोचवायच्या डेटाचा होता. १०० एमबीचा व्हिडिओ दहा हजार जणांनी पूर्ण पाहिला, तर सर्व्हरमधून जवळजवळ १ टीबी डेटा बाहेर जातो. स्वतःच्या सर्व्हरवर व्हिडिओ ठेवणाऱ्याला तो गाजला की आनंदाआधी होस्टिंगचं बिल आठवायचं. फुकट आणि सशुल्क सेवांमधला आजचा सगळा फरक या एका हिशेबातून निघाला आहे, असं मला वाटतं.

व्हिडिओ ठेवायच्या सेवांपैकी विमिओ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालं आणि यूट्यूब २००५ मध्ये. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला तो २३ एप्रिल २००५ रोजी, अवघ्या १९ सेकंदांचा. यूट्यूबने बँडविड्थचं बिल स्वतःच्या अंगावर घेतलं. सुरुवातीला ते गुंतवणूकदारांच्या पैशांतून भागलं, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये गुगलने १६५ कोटी डॉलरना कंपनी घ्यायचं ठरवल्यावर मागे भक्कम आधार उभा राहिला. पण तो आधार कायम बिनपरताव्याचा राहणं शक्य नव्हतं. २००७ मध्ये व्हिडिओवर जाहिराती दिसू लागल्या आणि निवडक निर्मात्यांना त्यांतला वाटाही मिळू लागला. त्याच वर्षी व्हायाकॉम या मनोरंजन कंपनीने यूट्यूबवर कॉपीराइटसाठी १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला, आणि अपलोड होणारी प्रत्येक फाइल आपोआप तपासणारी कंटेंट आयडी ही यंत्रणाही त्याच सुमाराची.

विमिओ वेगळ्या दिशेने गेलं. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांनी वर्षाला सुमारे ६० डॉलरचं 'प्लस' खातं आणलं. फुकट खात्याला आठवड्याला ५०० एमबी अपलोडची मर्यादा होती, प्लसला ५ जीबीची. लघुपट करणाऱ्यांना आणि स्टुडिओंना ते पटलं, कारण पैसे देऊन त्यांना व्हिडिओवर ताबा मिळत होता. पासवर्ड लावता येतो, व्हिडिओ ठरावीक वेबसाइटवरच चालेल अशी सोय करता येते. आणि एक छोटी पण फार मोलाची गोष्ट: व्हिडिओतच छापलेल्या उपशीर्षकात चूक सापडली तर लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते. यूट्यूबवर त्यासाठी नव्याने अपलोड करावं लागतं. जुनी लिंक आणि व्ह्यूजचा आकडा, दोन्ही हातचे जातात.

पैसे भरले म्हणजे भविष्याची खात्री झाली, असं मात्र इतिहास सांगत नाही. गुगलच्याच 'गुगल व्हिडिओ' या वेगळ्या सेवेने २००६ मध्ये व्हिडिओ विकायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २००७ मध्ये ती विक्री गुंडाळली. लोकांनी विकत घेतलेले व्हिडिओ चालेनासे झाले. आधी भरपाई म्हणून गुगलच्याच पेमेंट सेवेत वापरायचं क्रेडिट देऊ केलं गेलं, आणि ओरड झाल्यावर पूर्ण पैसे परत मिळाले. गंमत नव्हे, वस्तुस्थिती आहे की त्याच सेवेवर फुकट चढवलेले व्हिडिओ त्यानंतरही कित्येक वर्षं टिकले. ती पूर्ण बंद झाली २०१२ मध्ये. वेब-मालिका करणाऱ्यांचं आवडतं ब्लिप हे संकेतस्थळ २०१५ मध्ये बंद पडलं.

नियमही बदलत राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबने अटींत बदल करून, ज्यांना जाहिरातीचा वाटा मिळत नाही अशा चॅनेलवरही जाहिराती दाखवायचा हक्क घेतला. २०२२ मध्ये विमिओच्या काही ग्राहकांना, त्यांत आपल्या सभासदांपुरते व्हिडिओ दाखवणारे निर्मातेही होते, एकदम वाढीव रकमेची मागणी आली, कारण त्यांचे व्हिडिओ जास्त पाहिले जात होते. बराच गदारोळ झाल्यावर कंपनीने जादा पैशांसाठी महिन्याला २ टीबी डेटा हा उंबरठा जाहीर केला. वरच्या हिशेबाने तो १०० एमबीच्या व्हिडिओचे वीस हजार प्रेक्षक होतात. नियमित पैसे भरणाऱ्या लोकांवर ही वेळ यावी, हे मला अन्यायाचं वाटतं. रक्कम किती वाढू शकते हे खातं उघडतानाच कळायला हवं होतं.

तिसरी वाटही आहे. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट संस्थेचं पीअरट्यूब हे सॉफ्टवेअर २०१८ मध्ये तयार झालं. तिथे सर्व्हर आपला असतो आणि एकाच वेळी व्हिडिओ पाहणारे त्याचे तुकडे एकमेकांना पुरवू शकतात, त्यामुळे गर्दी झाली की सर्व्हरवरचा भार वाटला जातो. फक्त तो सर्व्हर सांभाळायला कुणीतरी जाणकार लागतो, आणि प्रेक्षक आपले आपणच मिळवावे लागतात.