पट्ट्यांआधीचा सिंथेसायझर

लातूर, नांदेड नाहीतर परभणीत कुणाच्या घरी सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं, बहुधा पेटीसारख्या पट्ट्या असलेलं यंत्र) आला की पहिली फर्माईश ठरलेली: "एखादा अभंग वाजव की!" त्यावर "मला वाजवता येत नाही" असं उत्तर मिळालं की पाहुणे एकमेकांकडे बघतात. वाजवता येत नाही, तर एवढे पैसे घातले कशाला? हा गडी तर तासभर एकच सूर धरून नॉब फिरवत बसतो. आवाज घोगरा करतो, पातळ करतो, फाटू देतो. त्याला गाणं बसवायचंच नसतं. असा माणूस लोकांच्या लेखी अर्धवट वादक. पण या यंत्राचा इतिहास पाहिला तर तो अगदी मूळच्या वाटेवर आहे.

इलेक्ट्रॉनिक आवाजाचा जन्म मैफलीत झालेला नाही. रशियात १९२० च्या सुमारास लेव तेर्मेन हा भौतिकशास्त्रज्ञ वायूंचे गुणधर्म मोजायचं उपकरण तयार करत होता. हात जवळ नेला की त्यातला सूर बदलतो, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यातून थेरेमिन झालं. ना तार, ना पट्टी. हवेत हात हलवायचा. (तेर्मेन स्वतः चेलो वाजवायचा, हे सांगायला हवं.) पॅरिसमध्ये पिएर शेफर या रेडिओ अभियंत्याने १९४८ मध्ये रेल्वेच्या आवाजांची जोडतोड करून रचना केली. लंडनला बीबीसीने १९५८ मध्ये रेडिओफोनिक वर्कशॉप काढलं. तिथे टेप कापून, चिकटवून, उलटी फिरवून नाटकांसाठी आवाज बनत. या सगळ्यांत बोटांच्या तयारीपेक्षा कान, कात्री आणि चिकाटी यांना जास्त मोल होतं.

खरा फाटा फुटला तो १९६३-६४ च्या आसपास. अमेरिकेच्या पूर्वेला रॉबर्ट मूग आणि पश्चिमेला डॉन बुक्ला, दोघेही एकमेकांपासून लांब जवळपास एकाच गोष्टीवर काम करत होते: विजेच्या दाबाने आवाजाचा प्रत्येक गुण हलवता येईल असे सुटे डबे, वायरींनी हवे तसे जोडायचे. मूग यांच्यासोबत काम करणारे संगीतकार हर्ब डॉइश यांनी पट्ट्या असाव्यात असं सुचवलं आणि त्या आल्या. बुक्ला यांनी पट्ट्या नाकारल्या. त्यांचं म्हणणं साधारण असं, की काळ्या-पांढऱ्या पट्ट्या समोर आल्या की माणूस जुनंच संगीत वाजवू लागतो. त्याऐवजी त्यांनी बोटाचा स्पर्श ओळखणारे धातूचे तुकडे आणि आपोआप क्रम चालवणारा सिक्वेन्सर दिला. १९७० मध्ये मिनीमूग आला. वायरी गेल्या, ४४ पट्ट्या पक्क्या बसल्या, आणि यंत्र दुकानात विकता येण्याजोगं झालं. बाजाराने मूग यांची बाजू घेतली. माझ्या मते 'वाजवता येतं का?' हा प्रश्न त्याच दिवशी यंत्राला चिकटला.

तरीही दुसरी वाट बंद पडली नाही. ब्रिटनमध्ये १९६९ साली निघालेल्या व्हीसीएस-३ या यंत्राला मुळात पट्ट्याच नव्हत्या. छोट्या खुंट्या भोकांत खोचून जोडण्या करायच्या आणि एक दांडा हलवायचा. रॉक्सी म्युझिक या बँडमध्ये ते हाताळणारा ब्रायन ईनो स्वतःला उघडपणे 'नॉन-म्युझिशियन' म्हणवून घ्यायचा.

भारतातली सुरुवातही या दुसऱ्या वाटेने झाली, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगच्या सुट्या डब्यांच्या यंत्रासह इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ उभारला. तो घडवून आणण्यात गीता साराभाईंचा पुढाकार होता, आणि त्या मूळच्या पखवाजवादक. कीर्तनात पखवाज ऐकत वाढलेल्या मराठवाड्याच्या माणसाला हा धागा आवडावा. तिथे संगीतकारांबरोबर जिनराज जोशीपुरांसारखे विद्यार्थीही यंत्राशी खेळत. काही वर्षांतच स्टुडिओ बंद झाला. टेप कपाटात पडून राहिल्या आणि थेट २०२३ मध्ये त्यातल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड या जपानी कंपनीच्या यंत्रांवर दहा रागांचा अल्बम केला. तो तेव्हा खपला नाही, पुढे जगभर गाजला.

मराठवाड्यात यातलं काहीच पोचलं नाही. इथे यंत्र आलं ते ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टीच्या टेम्पोतून. लग्नाच्या वरातीत, गणपतीत, ऑक्टापॅडशेजारी कीबोर्ड. कंपनी कुठलीही असो, लोक त्याला कॅसिओच म्हणत. वादकाने गाण्यातला सनईचा तुकडा हुबेहूब काढला की शिट्ट्या. आवाज कारखान्यातून तयार होऊन आलेले, वादकाने फक्त बोटं चालवायची. त्यात दोष काही नाही, पोट त्यावरच होतं. पण नव्वदच्या आधी आयात करामुळे परदेशी यंत्रं परवडत नसताना ज्याने कर्ज काढून कीबोर्ड घेतला, तो त्यावर 'नुसता आवाज' करत बसणार थोडाच!

आणि तरी आवाज घडवण्याची जाण इथे नवी नाही. हलगीवाला वाजवायच्या आधी कागद नाहीतर पाचट पेटवून हलगी तापवतो. चामडं ताणलं जातं, थाप चढते. मध्येच टिपेचा आवाज बसला की पुन्हा जाळाजवळ. तानपुऱ्याचं तर विचारूच नका. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. तो केसभर मागे-पुढे सरकवला की जवारी खुलते. मूळ सूर तोच, पण वरचे स्वर झणकू लागतात. सिंथेसायझरमध्ये करवतीच्या दात्यांसारखी लहर घेतात, कारण तिच्यात मूळ सुराचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे वरचे स्वर भरलेले असतात. मग फिल्टरचा नॉब हळूहळू बंद करत ते एकेक उतरवतात. नॉब उघडत नेताना जो क्षण येतो, तो जवारी लागल्याचाच. तानपुरा छेडणाऱ्याला कुणी "एखादी तान घे" म्हणत नाही, हेही लक्षात घ्या.

भजनी मंडळात, रियाजाच्या खोलीत आज जो इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू असतो, तो तरी काय आहे? बेंगळुरूच्या राडेलसारख्या कंपन्यांनी घरोघरी पोचवलेला, पट्ट्या नसलेला, नॉबवर चालणारा आवाजाचा डबा. त्याला कुणी नावं ठेवत नाही. नावं ठेवायची तर आपल्याकडे हार्मोनियमलाही ठेवून झाली आहेत: आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारात उभं केलं नव्हतं. आणि आज तिच्याविना आमचं भजन उभं राहत नाही.

आता साधन हाताशी आहे. २०१७ मध्ये आलेलं व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात तेच मूग-बुक्लांच्या धर्तीचे सुटे डबे पडद्यावर मांडून वायरी जोडता येतात, पट्टीला हात न लावता. बोअरच्या मोटारीची गुणगुण फोनवर टिपून त्यात सोडली तरी चालते. अडचण वेगळीच आहे. संगीत शिकायचं तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षा आहेत, आणि सर्किट शिकायचं तर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स ट्रेड. एकीकडे सोल्डरिंग गन नाही, दुसरीकडे तानपुरा नाही. ज्याला दोन्हींमधलं काही हवंय, तो रात्री हेडफोन लावून स्वतःच शिकतो, आणि सकाळी घरचे विचारतात, "मग, बसलं का एखादं गाणं?"