चेहऱ्यावर रंगवलेला उजेड

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत सावळ्या वर्णाच्या ज्या व्यक्ती रंगवलेल्या आहेत, त्यांच्यातील अनेकांच्या नाकाच्या दांडीवर, ओठांवर आणि हनुवटीवर फिकट रंगाचा एक छोटासा फटकारा दिसतो. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांना सपाट भिंतीवर उठावदार चेहरा हवा होता आणि त्यासाठी कुठे किती उजेड दाखवायचा, हे त्यांना नेमके ठाऊक होते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरील भागात, छटा देण्याच्या या कौशल्याला ‘वर्तना’ असे नाव असून रेषांनी आणि ठिपक्यांनी छटा देण्याच्या तीन पद्धती तेथे सांगितल्या आहेत. आज मेकअप आर्टिस्ट ज्याला कॉन्टूरिंग (गडद छटेने सावली भासवणे) आणि हायलाइटिंग (फिकट किंवा चकाकत्या रंगाने उजेड भासवणे) म्हणतात, ती मुळात हीच वर्तना आहे. फरक एवढाच, की भिंत सपाट असते, तर चेहरा आधीच उंचसखल असतो आणि त्याच्यावर खरा उजेडही पडत असतो. रंगवलेला उजेड आणि खरा उजेड यांचे जमले तर चेहरा रेखीव दिसतो. जमले नाही तर गालावर तपकिरी पट्टा ओढल्यासारखे दिसते.

उंचसखलपणा डोळ्यांना कळतो कसा, हा यातला पहिला प्रश्न आहे. डोळ्याच्या पडद्यावर उमटणारी प्रतिमा सपाट असते, त्यामुळे खोलीचा अंदाज मेंदूला इतर खुणांवरून बांधावा लागतो. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतील फरक ही त्यांतली एक खूण. छायाप्रकाश ही दुसरी, आणि छायाचित्रात तर मुख्यतः तिच्यावरच भिस्त असते. योहान लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये प्रकाशमापनावरील आपल्या ग्रंथात यामागचा नियम मांडला. न चमकणारा पृष्ठभाग प्रकाशाकडे थेट तोंड करून असेल तेव्हा सर्वांत उजळ दिसतो आणि तो जसजसा कलतो तसतसा त्या कोनाच्या कोज्येच्या (त्रिकोणमितीतल्या ‘कोसाइन’च्या) प्रमाणात मंद होत जातो. कल ३० अंशांचा असेल तर उजळपणा सुमारे ८७ टक्के उरतो, ४५ अंशांना ७१ टक्के आणि ६० अंशांना निम्मा. म्हणजे सुरुवातीच्या कलाने फारसे काही बिघडत नाही. पुढे मात्र उजेड भराभर उतरतो. गालाचे हाड संपून पृष्ठभाग जिथे खाली वळतो, तिथली सावली एकाएकी गडद का वाटते, याचे कारण या नियमात आहे.

मात्र एखादा भाग काळसर दिसला, तर तो प्रकाशापासून वळला आहे म्हणून, की त्याचा रंगच गडद आहे म्हणून, हे केवळ त्या उजळपणावरून ठरवता येत नाही. मेंदू इथे काही गोष्टी गृहीत धरतो आणि त्यांतले सर्वांत पक्के गृहीतक म्हणजे उजेड वरून येतो. मेंदूशास्त्रज्ञ विलायनूर रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये हे साध्या वर्तुळांच्या साहाय्याने दाखवले. एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूकडे हळूहळू गडद होत जाणारे वर्तुळ उजळ बाजू वर ठेवून पाहिले तर ते फुगीर वाटते. कागद उलटा केला की तेच वर्तुळ खोलगट वाटू लागते. विशेष म्हणजे कागद तसाच ठेवून आपणच ओणवे होऊन पायांमधून पाहिले, तरी फुगीर ते खोलगट होते. ‘वर’ ही दिशा मेंदू आपल्या डोक्याच्या संदर्भात मोजतो.

निसर्गात हीच युक्ती उलट्या हेतूने वापरलेली दिसते. पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारा पाहावे: पाठ तांबूस तपकिरी, पोट पांढरे. वरून येणाऱ्या उन्हात पाठ उजळते आणि पोटाखाली सावली पडते, पण अंगाच्या रंगांचा क्रम नेमका उलटा असल्याने दोहोंची वजाबाकी होऊन प्राण्याचा गोलावा पुसला जातो. अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेयर यांनी १८९६ मध्ये या तत्त्वाकडे लक्ष वेधले. चिंकाऱ्याचा रंग सावली मिटवतो; कॉन्टूर तीच सावली अधोरेखित करतो.

आता चेहऱ्याच्या ठेवणीकडे वळू. गोल, चौकोनी, लांबट, बदामी, अंडाकृती असे जे प्रकार सांगितले जातात, ते शरीरशास्त्राने ठरवलेले कप्पे नाहीत, आणि बहुतेक चेहरे दोन-तीन प्रकारांच्या मधे कुठेतरी असतात. म्हणून प्रकाराचे नाव शोधण्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते: चेहऱ्याची लांबी-रुंदी एकमेकींच्या तुलनेत किती आहे, आणि रुंदी सर्वांत जास्त कुठे आहे, कपाळाशी, गालांशी की जबड्याच्या कोनाशी.

गोल चेहऱ्यात लांबी आणि रुंदी जवळपास सारखी असते आणि गालांवरील चरबीमुळे हाडाच्या कडा झाकलेल्या असतात. पृष्ठभाग मधून कडेकडे इतका सावकाश वळतो, की समोरून कुठेच ठळक सावली पडत नाही. इथे कानशिलापासून गालाच्या हाडाखालून तोंडाच्या कोपऱ्याच्या दिशेने तिरकी छटा दिली आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून कल्पिलेल्या उभ्या रेषेपाशी ती विरवली, तर पृष्ठभाग आहे त्यापेक्षा लवकर वळतो असे मेंदूला वाटते आणि समोर तोंड करून असलेला भाग अरुंद भासतो. जोडीला कपाळाचा मध्य, नाकाची दांडी आणि हनुवटी उजळली, की नजर उभ्या दिशेने फिरते. लांबट चेहऱ्यात नेमके याच्या विरुद्ध करावे लागते. केसांच्या कडेलगत आणि हनुवटीच्या खालच्या काठावर छटा द्यायची, गालांवरचा ब्लश, म्हणजे गुलाबी लाली, आडवा पसरायचा, आणि नाकावर वरपासून खालपर्यंत चकाकती रेघ ओढण्याचा मोह टाळायचा, कारण ती रेघ आधीच लांब असलेल्या चेहऱ्याची लांबी मोजून दाखवते.

चौकोनी चेहऱ्यातला कोन खालच्या जबड्याच्या हाडाचा आणि त्यावरच्या चर्वणाच्या स्नायूचा असतो, त्यामुळे छटा त्या कोपऱ्यांपुरतीच पुरते. ती द्यावीच असेही नाही. ठाम जबडा अनेक चेहऱ्यांना शोभतो आणि तो पुसून टाकण्याची घाई मला पटत नाही. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर कानशिलांवर छटा आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना थोडा उजेड पुरेसा होतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, ती क्वचितच सांगितली जाते. रंगामुळे चेहऱ्याच्या आतला उंचसखलपणा वेगळा भासवता येतो, पण पार्श्वभूमीवर उमटणारी चेहऱ्याची बाह्यरेषा तसूभरही हलत नाही. मोकळे काळे केस गालांलगत असतील तर कडेची छटा त्यांच्या अंधारात मिसळते आणि चेहरा खरोखर निमुळता वाटतो. केस मागे ओढून अंबाडा घातला आणि मागे फिकट भिंत असली, तर जबड्याची कड उघडी पडते आणि तोच कॉन्टूर निम्मेही काम करत नाही. केशरचना आधी ठरवून मग छटा द्यावी, ते याच कारणाने.

रंगवलेली छटा मेंदूने सावली म्हणून स्वीकारावी यासाठी दोन अटी आहेत. पहिली म्हणजे तिची कड विरलेली हवी. गोलाव्यामुळे पडणारी सावली हळूहळू गडद होते, तर डागाला स्पष्ट कड असते. ब्लेंड करण्यावर, म्हणजे रंगाची कड त्वचेत मिसळवण्यावर, एवढा भर असतो तो हा फरक पुसण्यासाठी. दुसरी अट रंगाची. सावलीत गेलेल्या त्वचेला थेट उजेड कमी मिळतो आणि आजूबाजूचा, उघड्यावर असल्यास आकाशाचा निळसर उजेड तिथे प्रभावी ठरतो. त्यामुळे तिथला तांबूसपणा उतरतो आणि ती किंचित राखाडी वाटते. म्हणून कॉन्टूरची शेड थंड, करडेपणाकडे झुकणारी तपकिरी असावी लागते. ब्राँझर नावाच्या प्रसाधनात नारिंगी-तांबूस झाक असते. तो उन्हात रापलेल्या त्वचेचा आभास देतो, सावलीचा नाही, आणि कॉन्टूरच्या जागी तो लावला की गाल खोल जाण्याऐवजी माखल्यासारखे दिसतात.

हायलाइटरचे विज्ञान याहून वेगळे आहे आणि आपल्याकडच्या त्वचेसाठी तेच अधिक मोलाचे आहे. त्वचेवर पडलेल्या प्रकाशाचा साधारण चार ते पाच टक्के भाग सर्वांत वरच्या थरावरूनच आरशासारखा परततो. उरलेला आत शिरतो, विखुरतो, मेलॅनिन (त्वचेतले रंगद्रव्य) आणि हिमोग्लोबिन (रक्तातले लाल द्रव्य) त्यातला काही शोषून घेतात आणि राहिलेला बाहेर येतो. त्वचेचा जो रंग आपण म्हणतो तो या दुसऱ्या प्रकाशाचा. गोऱ्या आणि सावळ्या त्वचेत फरक पडतो तो याच प्रकाशात. पहिली चकाकी दोहोंत जवळपास सारखीच असते. परिणामी सावळ्या त्वचेवर आजूबाजूच्या तुलनेत चकाकी जास्त उठून दिसते, आणि उलट, गडद छटेला तिथे आणखी गडद होण्यासाठी फारशी जागा उरत नाही. गोऱ्या चेहऱ्यांवरून बेतलेली शिकवण कॉन्टूरपासून सुरू होते. गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यांनी हायलाइटपासून सुरुवात करावी आणि छटा चवीपुरती ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी सावळ्या चेहऱ्यांवर तो फटकारा दिला, तो त्यांना गोरे करण्यासाठी नव्हता.

चकाकणाऱ्या हायलाइटरमध्ये बहुधा अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवलेला असतो. या थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, आणि थराची जाडी किती आहे त्यावर कोणता रंग बळावेल हे ठरते. जाडी ४० ते ६० नॅनोमीटर असेल तर रुपेरी झळाळी मिळते, ६० ते ८० असेल तर सोनेरी. गव्हाळ त्वचेवर सोनेरी किंवा तांब्याची झाक खुलते, कारण ती त्वचेतून येणाऱ्या उबदार प्रकाशाशी जुळते. थर न चढवता टायटॅनियम डायऑक्साइडची नुसती भुकटी वापरली, तर ती सर्व रंगांचा प्रकाश सर्व दिशांना सारखा विखुरते आणि सावळ्या गालावर राख फासल्यासारखी पांढुरकी दिसते. चकाकीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे: पाहणारा हलला की तीही सरकते. जिथे पृष्ठभागाचा बाक तीव्र असतो, उदाहरणार्थ नाकाच्या दांडीवर, तिथे ती जवळपास एका जागी चिकटून राहते. सपाट कपाळावर मात्र पसरते आणि तेलकटपणासारखी भासते. मुंबईच्या दमट हवेत घाम आणि त्वचेचे तेल तेवढी चकाकी स्वतःहून पुरवतात, म्हणून तिथे कपाळ कोरडे, मॅट ठेवलेले बरे.

रंगवलेली सावली जागची हलत नाही, खरी सावली मात्र उजेडाबरोबर फिरते, आणि बहुतेक फजिती इथेच होते. मे महिन्याच्या मध्यास पुण्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण नाहीशी होते. त्या काळातल्या दुपारच्या लग्नात उन्हाने डोळ्यांच्या खोबणी आणि गालांखालच्या खळगी आधीच काळवंडलेल्या असतात. त्यावर आणखी कॉन्टूर चढवला तर नवरी थकलेली, आजारी दिसते. छतातून थेट खाली दिवे सोडलेल्या कार्यालयातही हेच घडते. अशा वेळी छटा जवळपास वगळून डोळ्यांखाली फिकट, न चमकणारा कन्सीलर (डाग आणि काळेपणा झाकणारे प्रसाधन) लावावा. याउलट व्हिडिओसाठी वापरतात तो रिंग लाइट, म्हणजे कड्याच्या आकाराचा दिवा, चेहऱ्यावर चोहोबाजूंनी समोरून पडतो आणि नैसर्गिक सावल्या पुसून टाकतो. त्या उजेडात चेहरा सपाट होतो आणि गडद कॉन्टूर तिथे गरजेचाच ठरतो, कारण तो हरवलेला उंचसखलपणा परत आणतो. तेच काम खिडकीच्या उजेडात पाहिले तर भडक वाटते.

नाकाच्या बाबतीत तर दोष बहुतेक वेळा नाकाचा नसतोच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार, सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी दीड मीटरवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत जवळपास ३० टक्के अधिक भासते. नाक कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ असते आणि कान दूर, म्हणून हे प्रमाण बिघडते. फोनमध्ये पाहून नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद रेघा ओढणाऱ्या मुली मला भेटतात, तेव्हा मी त्यांना फोन खाली ठेवायला सांगते, खिडकीसमोर आरसा धरते आणि हातभर अंतरावरून पाहायला लावते. बऱ्याच जणी मग रेघा पुसून टाकतात आणि दांडीवर बोटाने थोडासा उजेड तेवढा ठेवतात.