लघुआकार संगणक : बिनतारी जोडणी

कार्यालयीन कामासाठी बनवलेल्या, लहान पेटीच्या आणि मुळात केवळ तारेच्या जाळ्यासाठी (लॅन) सज्ज असलेल्या जुन्या संगणकाला नंतर वायफाय कार्ड किंवा डोंगल (यूएसबी पोर्टात खोचायचे छोटे उपकरण) बसवण्याची क्रिया. सातारा व सांगली जिल्ह्यांत शाळा, ई-सेवा केंद्रे, कर सल्लागारांची कार्यालये, मार्केट यार्डातील गाळे अशा ठिकाणी डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची एलिटडेस्क, लेनोवोची थिंकसेंटर या मालिकांतील वापरलेली यंत्रे कामावर असतात. साधारण २०१० ते २०१५ या काळातील ही यंत्रे दणकट आहेत. बिनतारी जोडणी नाही एवढ्याच कारणाने ती भंगारात जाऊ नयेत.

पार्श्वभूमी : लघुआकार संगणकाची सुरुवात कोठून धरावी याविषयी एकमत नाही. एक मत ती १९८७ च्या सुमाराच्या एलपीएक्स रचनेपर्यंत मागे नेते. वेस्टर्न डिजिटलशी जोडल्या जाणाऱ्या या रचनेत मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य पाटीवर) एक उभा रायझर, म्हणजे जोडपट्टी, असे आणि विस्तारक कार्डे त्यात आडवी बसत. त्यामुळे पेटीची उंची बरीच उतरली. संगणक स्वतः जुळवणाऱ्यांत रूढ असलेले दुसरे मत २००१ हे वर्ष मानते. त्या वर्षी तैवानच्या शटल कंपनीची घनाकार पेटी आणि व्हिया कंपनीची १७ सेंमी. बाजूची मिनी-आयटीएक्स रचना पुढे आली. काही जण अ‍ॅपलच्या २००५ च्या मॅक मिनीला हा मान देतात; मात्र तोवर कार्यालयांत लहान पेट्या रुळल्या होत्या, त्यामुळे हे मत मागे पडते. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही प्रस्तुत विषयापुरता निर्णायक ठरतो तो २००० च्या सुमारास पीसीआय या विस्तारक कार्डांच्या मानकात आलेला कमी उंचीच्या कार्डाचा नियम. आज जुन्या बाजारात मिळणारी यंत्रे त्याच वंशातील आहेत आणि त्यांत कोणते कार्ड मावेल हे तो नियमच ठरवतो.

वायफायचा आधार असलेले ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये तो ११ वर गेला. २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो हा वायफायसह येणारा लॅपटॉपचा संच आणल्यावर लॅपटॉपमध्ये वायफाय गृहीत धरले जाऊ लागले. टेबलावरचा संगणक मागे राहिला, कारण कार्यालयाच्या भिंतीतून लॅनची तार आधीच आलेली असे. पहिल्या मॅक मिनीतही वायफाय पर्यायी होते.

कार्डाची जागा : पेटी उघडल्यावर पहिला प्रश्न स्लॉटचा, म्हणजे कार्ड खोचण्याच्या जागेचा. २०१० नंतरच्या बहुतेक एसएफएफ (लघुआकार) यंत्रांत कमी उंचीचे पीसीआय एक्सप्रेस (पीसीआयचा पुढचा प्रकार) स्लॉट असतात, आणि एक्स-१ हे सर्वांत आखूड कार्ड लांब स्लॉटमध्येही चालते. पूर्ण उंचीच्या कार्डाची लोखंडी पट्टी सुमारे १२ सेंमी., तर कमी उंचीची ७.९ सेंमी. असते. खोक्यात छोटी पट्टी आहे का हे विकत घेतानाच पाहावे. नंतर सुटी पट्टी शोधत बसावे लागते. काही जुन्या मदरबोर्डवर ग्राफिक्सच्या स्लॉटमध्ये दुसरे कार्ड घातले की पडद्यावर चित्रच येत नाही; तेव्हा कार्ड काढून बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ प्रणालीत) अंगभूत व्हिडिओ निवडावा लागतो.

एक लिटरच्या आसपास आकारमानाच्या पेट्यांत असे स्लॉट नसतात. २०१२ च्या सुमाराच्या यंत्रांत त्याऐवजी मिनी पीसीआय एक्सप्रेसची जागा असते (अर्धे कार्ड ३० × २६.८ मिमी.), पुढच्या यंत्रांत एम.२ ची (२२ × ३० मिमी.). एम.२ मध्ये खाच पाहणे महत्त्वाचे. वायफायची जागा ई खाचेची, एसएसडीची (साठवणीच्या कार्डाची) एम खाचेची. दोन्ही दिसायला जवळच्या असल्या तरी एकात दुसरे बसत नाही.

येथे एक फसगत वारंवार होते. इंटेलची एएक्स २०० व एएक्स २१० ही स्वयंपूर्ण कार्डे आहेत आणि जुन्या मदरबोर्डवर चालतात. एएक्स २०१ व एएक्स २११ मात्र सीएनव्हीआय पद्धतीची आहेत : रेडिओचा निम्मा भाग कार्डावर आणि उरलेला प्रोसेसर किंवा चिपसेटमध्ये. ही पद्धत २०१७-१८ पासूनच्या इंटेल यंत्रांत आली. त्याआधीच्या यंत्रात असे कार्ड व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण यंत्राला ते दिसतच नाही. किंमत कमी म्हणून नेमके हेच घेतले जाते. काही उत्पादकांच्या जुन्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीही असते. यादीबाहेरचे कार्ड दिसताच यंत्र सुरू व्हायचे थांबते. मुख्यतः लॅपटॉपमधील हा प्रकार काही छोट्या पेट्यांतही आढळतो.

त्याच कार्डावरील ब्लूटूथ वेगळ्या वाटेने, म्हणजे यूएसबीमार्गे, चालते. म्हणून पीसीआय एक्सप्रेस कार्डासोबत एक बारीक तार येते. ती मदरबोर्डवरील नऊ पिनांच्या यूएसबी जोडणीत लावायची. लहान पेट्यांत ती जोडणी पुढच्या पोर्टांनी आधीच अडवलेली असते किंवा नसतेच. अशा वेळी वायफाय चालते, ब्लूटूथ चालत नाही, आणि दोष कार्डाचा नसतो.

अँटेना : या कामातील सर्वांत दुर्लक्षित आणि, संकलकाच्या मते, यशापयश ठरवणारा भाग. २.४ गिगाहर्ट्‌झ लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंमी., ५ गिगाहर्ट्‌झची सुमारे ६ सेंमी.; पत्र्याच्या बंद पेटीतून दोन्ही नीट बाहेर पडत नाहीत. अँटेना पेटीच्या आत चिकटवून ठेवली तर राउटर शेजारच्या खोलीत असूनही जोडणी तुटत राहते. मागच्या पट्टीवर स्क्रूने बसणाऱ्या अँटेना बऱ्या, पण लहान पेटी बहुधा भिंतीला टेकवून ठेवलेली असते आणि अँटेना पत्रा व भिंत यांच्या मधोमध सापडतात. चुंबकाच्या बुडाची, हातभर तारेची अँटेना टेबलावर आणून ठेवणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. तार याहून फार लांबवू नये, बारीक तारेत सिग्नल झिजतो.

कार्डावरील जोड (एम.२ वर एमएचएफ-४) दोन मिलिमीटरच्या आतबाहेरचे असतात. यंत्राची वीज काढून, बटण दाबून उरलेला भार उतरवून, तारेचे टोक जोडावर सरळ धरावे आणि नखाने वरून दाबावे; बारीक ‘टक्‌’ जाणवतो. तिरपे दाबल्यास कडे चेपते. हे जोड वारंवार काढघाल करण्यासाठी नाहीत, साधारण वीसतीस वेळांत सैल पडतात. पावसाळ्यात ओल धरलेल्या यंत्रात कार्ड ओळखले गेले नाही, तर त्याच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलके फिरवून पुन्हा बसवून पाहावे. रॅमसाठी दुरुस्तीवाले करतात तेच येथे लागू पडते.

डोंगल : पेटी उघडायची नसल्यास हा मार्ग. यूएसबी २.० ची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात बरीच कमी. १०० मेगाबिटच्या घरगुती जोडणीला ती पुरते. यूएसबी ३.० च्या पोर्टांतून २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात गोंगाट पसरतो हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिले आहे. म्हणून डोंगल मागच्या पोर्टात थेट न खोचता छोट्या वाढीव तारेवर लावावा. काही डोंगल संगणकाला प्रथम सीडी ड्राइव्हसारखे दिसतात, कारण ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) त्यांच्या पोटातच असतो.

ड्रायव्हर : विंडोज ७ साठी इंटेलच्या ७२६० किंवा ८२६५ सारख्या जुन्या कार्डांचे ड्रायव्हर आहेत, एएक्स मालिकेचे नाहीत. मात्र १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला सुरक्षा-दुरुस्त्या बंद आहेत. केवळ हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेले असे यंत्र बिनतारी जाळ्यावर न आणणे बरे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि या पिढीतील यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाहीत. लिनक्सकडे वळणाऱ्यांना एएक्स २०० साठी ५.१ व एएक्स २१० साठी ५.१० किंवा त्यापुढील कर्नल (प्रणालीचा गाभा) लागते.

सातारा-सांगलीतील स्थिती : अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या जुन्या पेठा व वाई येथील वाड्यांत दगडमातीच्या भिंती जाड आहेत. तेथे ५ गिगाहर्ट्‌झचा वेग एका भिंतीपलीकडे टिकत नाही, २.४ चा पट्टा, तोही १, ६ किंवा ११ या वाहिनीवर, उपयोगी पडतो. सांगलीत प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. २००५ व २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. पूररेषेतील घरांत व दुकानांत यंत्र वरच्या मजल्यावर हलवले की तळमजल्याची तार तिथवर पोहोचत नाही, आणि तेव्हा बिनतारी कार्ड हाच सोपा मार्ग उरतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्‌झमधील मुक्त पट्टा २०१८ मध्ये विस्तारला. त्यामुळे कार्ड बसवणाऱ्याला परवाना लागत नाही. उपकरणाला मान्यता घेण्याची जबाबदारी उत्पादक वा आयातदाराची असते.