जाळी भिंतीला का टेकली आणि मांडव डोक्यावर का गेला

कारली, कृष्णकमळ, मधुमालती, काहीही लावलं की आधाराचा प्रश्न येतोच, आणि हल्ली बहुतेक जण त्यासाठी चौकड्यांची लाकडी जाळी करून किंवा विकत आणून भिंतीला उभी करतात. दिसते छानच. पण ही भिंतीला टेकलेली जाळी वाढली ती थंड देशांत, आणि तिकडे ती भिंतीला का चिकटली हे कळलं की आपल्याकडे ती कशी करायची हे बरंचसं आपोआप कळतं.

फ्रान्समध्ये व्हर्सायला राजा चौदाव्या लुईसाठी ला कँतिनी नावाच्या माणसाने १६७८ ते १६८३ या काळात फळं-भाज्यांची मोठी बाग उभी केली. तिथे पेअर वगैरेंची झाडं उंच भिंतींना लागून लावायचे आणि फांद्या पंख्यासारख्या पसरून जाळीला बांधायचे, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते आणि त्या उबेवर थंडीतही फळ नीट पिकतं. म्हणजे जाळी शोभेची नव्हतीच, फांदीला भिंतीच्या उबेत धरून ठेवायचं काम तिचं. पुढे त्याच जाळीचे कमानी, घुमट, आख्खे मंडप झाले, आणि हे काम करणारे सुतार वेगळे मानले जायला लागले इतके की रूबो या पॅरिसच्या सुताराने १७७५ मध्ये फक्त या कामावर सविस्तर ग्रंथ छापला. लाकूड बहुतेक चेस्टनटचं, कारण ते रेषेत सरळ फाटतं, आणि त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असल्याने पावसात लवकर कुजत नाही. पट्ट्या जिथे एकमेकींवरून जातात तिथे बारीक तारेने बांधायचे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण पातळ पट्टीला खिळा मारला की ती हमखास चिरते आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

आता उन्हाचे देश बघा. तिथे ऊब कुणाला हवीय, हवी ती सावली, म्हणून आधार आडवा होऊन डोक्यावर गेला. इजिप्तमध्ये थीब्ज या प्राचीन शहरात नख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात साधारण ३४०० वर्षांपूर्वीचं चित्र आहे, त्यात माणसं द्राक्षाच्या मांडवाखाली उभं राहून घड तोडतायत. बेचक्याच्या मेढी रोवायच्या, वर आडव्या काठ्या टाकायच्या आणि वेल वर सोडायचा, हीच रीत आपल्या परसातल्या दोडक्या-पडवळाच्या मांडवाची, फक्त आपल्याकडे बांबू आणि काथ्या. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात ना, तेही फळ मांडवाखाली मोकळं लोंबतं म्हणूनच जमतं.

आपल्याकडे अजून एक जुनी पद्धत होती, आधारच जिवंत. पानमळ्यात नागवेलीसाठी शेवरी, हादगा, पांगारा लावतात, वेलीला आधारही मिळतो आणि सावलीही. दौलताबादची द्राक्षं तर १४व्या शतकात इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने नोंदवून ठेवलीयत, आणि नाशिककडे जुने बागायतदार द्राक्षवेल पांगाऱ्यावरच चढवायचे. नंतर तारेचा मांडव आला, त्यात घड पानांच्या सावलीत लटकतात म्हणून उन्हाने भाजत नाहीत. आता बऱ्याच बागांत वाय आकाराचे अँगल दिसतात, हवा खेळती राहते आणि फवारणीही सोपी जाते.

वेलीला आधार केवढा जाड हवा याचाही जुना अभ्यास आहे. डार्विनने १८६५ मध्ये चढणाऱ्या वेलींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. गुंडाळत चढणाऱ्या बऱ्याच वेलींना जाड खोडावर चढता येत नाही हे त्याने त्यात नोंदवलंय. कृष्णकमळाच्या एका जातीचा तणावा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा बारीक दोरा, तर काडीचा स्पर्श झाल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात वळायला लागलेला त्याने पाहिला. म्हणून तणाव्याच्या वेलींना, म्हणजे कारली, दोडका, कृष्णकमळ यांना, रुंद पट्टीपेक्षा बारीक काडी किंवा सुतळी जास्त आवडते. पट्ट्यांची जाळी असेल तर मधे सुतळी ओढून द्या, दोन दिवसांत फरक दिसतो.

आणि आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीला जाळी लावायचीच असेल तर ती चिकटवून नको. व्हर्सायला जी ऊब हवी होती तीच एप्रिल-मेमध्ये इथे पानं करपवते, म्हणून मागे लाकडी ठोकळे देऊन चार बोटं तरी अंतर सोडायचं, हवा जाते आणि पावसाळ्यात भिंतही ओली राहत नाही. परसातला मांडव दरवर्षी नवा व्हायचा, त्यामुळे मेढी कुजल्या तरी कुणी मनावर घ्यायचं नाही. कायमच्या जाळीचं तसं नाही. तिचे पाय मातीत गाडले की ते बरोबर मातीच्या रेषेवर कुजतात, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच एकत्र मिळतात, शिवाय वाळवी तिथूनच चढते. म्हणून सागाचं लाकूड असलं तरी पाय मातीच्या वर राहतील असे लोखंडी पट्टीवर बसवायचे आणि ती पट्टी खाली काँक्रीटमध्ये धरायची.