घर कोण कोणाला बांधणार? दाविदाचे वचन आणि शलमोनाची अट

बायबलमधील इस्राएलचे राजे दावीद आणि शलमोन या बापलेकांना परमेश्वराने दिलेली वचने बहुधा एकच समजून सांगितली जातात, कारण दोन्हींत राजासन आहे, मंदिर आहे आणि ‘सर्वकाळ’ हा शब्दही आहे. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचले की मात्र त्यांतील अंतर लपत नाही.

घोळाचे मूळ ‘बाइत’ या हिब्रू शब्दात आहे. राहते घर, देवाचे मंदिर आणि राजाचे घराणे या तिन्हींना तोच शब्द चालतो. मराठीत ‘घर’ आणि ‘घराणे’ वेगळे पडल्यामुळे भाषांतरात हा श्लेष निसटतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील सातवा अध्याय तर याच श्लेषावर उभा आहे. आपण गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश (कराराचा पवित्र पेटारा) कनातीत आहे, ही खंत दावीद नाथान संदेष्ट्याला बोलून दाखवतो. नाथान आधी होकार देतो आणि त्याच रात्री त्याला उलटा निरोप मिळतो: तू माझ्यासाठी घर बांधणार नाहीस, मीच तुझे घर उभे करीन, मंदिर तुझा पुत्र बांधील. त्या पुत्राने अपराध केला तर त्याला मनुष्यांच्या छडीने शिक्षा होईल, पण दाविदाआधीच्या शौल राजावरून जशी कृपा काढून घेतली तशी त्याच्यावरून काढली जाणार नाही. म्हणजे शिक्षा आहे, पण ती राजापुरती आहे. घराणे तिच्या कक्षेबाहेर राहते.

शलमोनाला मिळालेले वचन मंदिर बांधून झाल्यानंतरचे आहे. साठ हात लांब आणि वीस हात रुंद अशा त्या वास्तूला ७ वर्षे लागली (राजाच्या स्वतःच्या वाड्याला १३ लागली, हे ग्रंथकार लगेच नोंदवून ठेवतो). राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की, तू दाविदासारखा चाललास तर तुझे राजासन टिकेल. इथवर संबोधन ‘तू’ आहे. पुढच्याच वाक्यात ते ‘तुम्ही आणि तुमची मुले’ असे होते: तुम्ही अन्य देवांमागे गेलात तर इस्राएल देशातून उखडले जाईल आणि माझ्या नावासाठी पवित्र केलेले हे घरही मी दृष्टीआड करीन. इथे शिक्षा राजापुरती राहत नाही. प्रजा, भूमी आणि मंदिर तिघेही तिच्या तडाख्यात येतात. माझ्या मते दोन्ही वचनांतील खरा फरक ‘अट आहे की नाही’ यापेक्षा ‘दंड कोणाला’ यात अधिक आहे.

बायबलमधल्याच ‘इतिहास’ नावाच्या पहिल्या पुस्तकाने नाथानाचा निरोप पुन्हा सांगताना दोन बारीक फेरफार केले आहेत. छडीचे वाक्य गाळले आहे आणि ‘तुझे घर व तुझे राज्य’ या जागी ‘माझ्या घरात व माझ्या राज्यात’ असे शब्द घातले आहेत. हे पुस्तक यहुद्यांच्या बाबेलमधील (बॅबिलोनमधील) बंदिवासानंतरचे आहे. तेव्हा यरुशलेमात राजा उरला नव्हता, मंदिर मात्र पुन्हा उभे राहिले होते.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने पहिले मंदिर जाळले, तेव्हा शलमोनाला दिलेला इशारा अक्षरशः खरा ठरला. दाविदाच्या वचनाचे काय झाले, याचे उत्तर राजांचे दुसरे पुस्तक थेट देत नाही. ते संपते यहोयाखीनापाशी. दाविदाच्या वंशातला हा राजा सदतीस वर्षांच्या बंदिवासानंतर तुरुंगातून सुटतो आणि परक्या राजाच्या पंक्तीला रोज जेवतो. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर त्याला आणि त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाचा शिधा नोंदलेला आहे, आणि तिथेही त्याला यहूदाचा, म्हणजे दाविदाच्या घराण्याच्या राज्याचा, राजाच म्हटले आहे.