मखमल विटली, टोपी बदलायची का?

इंग्लंडमध्ये घोडेस्वाराच्या काळ्या मखमली टोपीचा मान मोठा. पण काही वर्षं उन्हात गेली की तीही विटते. मागच्या फितीखाली मूळ काळा रंग शाबूत असतो आणि माथा मात्र जुन्या छत्रीसारखा तांबूस झालेला असतो.

तांबूसच का? काळा रंग बऱ्याचदा दोन-तीन रंगद्रव्यं मिसळून साधलेला असतो आणि ती सगळी सारखी टिकत नाहीत. प्रकाश, त्यातही अतिनील किरण, रंगाच्या रेणूतले बंध तोडतात. हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा त्याला हातभार लावतात. मिश्रणातला निळा आधी उडाला की मागे लालसर छटा उरते. रंगाचा पक्केपणा जोखायला निळ्या लोकरीच्या ८ पट्ट्या वापरतात. पहिली सर्वांत लवकर विटते, पुढची प्रत्येक आधीच्या साधारण दुप्पट टिकते. संग्रहालयांत जुनी वस्त्रं सुमारे ५० लक्स इतक्या मंद उजेडात ठेवतात ती याच कारणानं, कारण एकदा तुटलेला रेणू कुठल्याही साबणानं पुन्हा जुळत नाही.

पण विटल्यासारखी दिसणारी प्रत्येक टोपी खरोखर विटलेली नसते. मखमलीची लव उभी असते, तेव्हा प्रकाश तंतूंच्या दाटीत शिरतो, इकडून तिकडे आपटत शोषला जातो आणि कापड गडद दिसतं. लव दबली की तोच प्रकाश आडव्या तंतूंवरून परततो, आणि रंग जागेवर असूनही टोपी फिकी वाटते. अशा वेळी किटलीची वाफ लांबून, अगदी थोडा वेळ द्यावी आणि मऊ ब्रशनं लव उभी करावी. वाफेची ऊब आणि ओल तंतू सैल करते. फितीखालच्या रंगाशी माथा ताडून पाहिला की दोष रंगाचा आहे की लवेचा, हे लगेच कळतं.

रंग खरंच उडाला असेल तर पुन्हा रंगवण्याचा मोह होतो. इथे मात्र मला थांबवावंसं वाटतं. आजच्या टोपीत मखमलीखाली प्लास्टिकचं किंवा फायबरग्लासचं कवच असतं आणि त्याच्या आत पॉलिस्टायरीनचा फेस, म्हणजे आपला थर्माकोल. मखर करताना थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारून पाहिलेल्यांना ठाऊक आहे, तो कसा खड्डे पडून विरघळतो. रंगातलं द्रावक टोपीच्या आत झिरपलं तर तेच होईल, आणि वरून काहीच दिसणार नाही. उकळत्या रंगात बुडवणंही नको, कारण पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं.

डोकं वाचवण्याचं काम हाच थर करतो. पडताना त्यातले हवेचे बारीक कप्पे चिरडतात आणि धक्क्याची ऊर्जा त्यात खर्ची पडते. चिरडलेले कप्पे पुन्हा फुगत नाहीत. त्यामुळे जोरात आपटलेली टोपी, मखमल नवीकोरी दिसत असली तरी, बदलायलाच हवी. न आपटलेली टोपीही साधारण ५ वर्षांनी बदलावी असं उत्पादक सहसा सुचवतात. आतलं लेबलही वाचावं. ईएन १३८४ या युरोपीय मानकाची जुनी आवृत्ती २०१४ मध्ये मागे घेतली गेली. नुसत्या त्या शिक्क्याची टोपी ब्रिटनच्या पोनी क्लबमध्ये, म्हणजे मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेत, आता चालत नाही.

टोपी आतून धड असेल आणि माथ्याचा तांबूसपणा डोळ्यांना खुपत असेल, तर वरून ओढायचं ताणाचं काळं कापडी आवरण मिळतं. त्याला ना द्रावक लागतं ना उष्णता. टोपी टाकून द्यायची ठरली, तर आधी हनुवटीचा पट्टा कापावा, म्हणजे ती चुकून दुसऱ्या कुणाच्या पोराच्या डोक्यावर जाणार नाही.